मेनच्या आधी

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये रात्रीचे साडेअकरा.
टेबलावर तळहाताएवढा बोर्ड;
रंगाच्या कारखान्यातली झडप तो उघडेल, मिटेल,
किती वेळा ते मोजेल.
पडद्यावर यायला हवं शून्य.
स्विच टाकला की येतं
एकेचाळीस हजार दोनशे सात.

"मेन तो बराबर छे, ताई," जिग्नेश म्हणतो.
बरोबरच आहे. मीच लिहिलंय.
त्याच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवून
दर वर्षी नव्या मुलांना मीच सांगते,
इथून सुरू होतं सगळं.

इथून होत नाही.

मेनच्या आधी एक फाइल आहे,
बारा वर्षं कोणी न उघडलेली,
सीच्याही खालच्या बोलीत.
वर नाव: वि. द. फणसे.
निवृत्त होऊन कारेलीबागेत असतात,
फोन केला तर फक्त गुडघ्याबद्दल बोलतात.

वीज आली की चिपला काहीच ठाऊक नसतं,
एक पत्ता तेवढा.
त्या पत्त्यावर फणसे उभे.
आधी ते स्टॅकची जागा आखून देतात.
मग ज्यांची किंमत आधीच ठरलीय
त्यांची किंमत फ्लॅशमधून एकेक उचलून
रॅममध्ये ज्याच्या त्याच्या घरी पोचवतात.
उरतात ते, ज्यांच्यापुढे कोणी काही लिहिलेलं नाही.
त्यांना शून्य.

वीस वर्षं मी धरून चालले होते,
काही दिलं नाही की शून्यच असतं.
रॅम कोरी नसते हो.
वीज शिरते तेव्हा तिथे काहीही असतं,
कुणाचंच नसलेलं,
मंगळबाजार उठल्यावर रस्त्यावर राहतं तसं.
शून्य कुणीतरी ठेवावं लागतं
घरोघर जाऊन, वाकून.

मोठ्या मशीनवर हेच काम सी लायब्ररीकडे.
कर्नल दारात गठ्ठा टाकून निघून जातो:
शब्द किती, शब्द कोणते, भोवतालची हवा कशी.
ती गठ्ठा सोडवते,
स्टॅक सोळाच्या पटीत सारखा करून घेते,
थ्रेडला त्याचा खण,
पहाऱ्यासाठी एक गुप्त आकडा,
रांगेतल्या कन्स्ट्रक्टरांना नाव घेऊन हाक,
आणि मग मेनला उठवते
जणू आत्ताच उजाडलं.
मेन परतलं की आवरायचंही तिनंच,
ज्याची नोंद शेवटी, तो आधी.
मेनला यातलं काही कळत नाही.
मलाही नव्हतं कळत, आणि पगार चालू होता.

जिग्नेश सेव-उसळ आणायला गेला.
मी ओळी मोजत बसले.
फणसे चार-चार बाइटांनी पुसत जातात:
शेवट वजा सुरुवात, भागिले चार.
त्यांच्या वेळी सगळं चाराच्या पटीत बसायचं.
आणि परवा, जागा वाचवायची म्हणून,
मोजणीचा आकडा मी दोन बाइटांचा केला होता.
तो जाऊन बसला अगदी टोकाला.
चाराने भाग गेला, बाकी राहिली दोन.
ती बाकी माझी.

लिंकरच्या नकाशात एक ओळ वाढवली:
शेवट ओढून चाराच्या पटीवर आण.
फणसेंच्या फाइलला हात लावला नाही.

स्विच.
शून्य.

जिग्नेश पुडकी घेऊन दारात, "थई गयुं?"
मी मान हलवली,
डोळे मात्र त्या फाइलच्या तळाशी.
मेनला हाक मारून झाल्यावर
तिथे एक उडी आहे,
जिथे आहे तिथेच, पुन्हा, पुन्हा,
आणि शेजारी रोमन अक्षरांतलं त्यांचं मराठी:
"इथे कोणी परत येणार नाही.
आलंच तर थांबवून ठेवणे."